ए ग्रुप म्हंजे अ तुकडी

आमच्या शाळेत माणसाची किंमत एका अक्षरात कळायची. अ, ब, क आणि ड अशा चार तुकड्या होत्या. जूनमध्ये दारातल्या फळ्यावर याद्या लागल्या की गल्लीतल्या कुठल्या बापानं वर्षभर मान वर करून चालायचं आणि कुणी खाली घालून, हे ठरून जायचं. अ तुकडीला पंखा होता. ब तुकडीलाही पंखा होता, फक्त तो फिरत नसे. क तुकडीला पंख्याचा हूक होता. ड तुकडीला खिडकीतून मैदान दिसायचं, आणि त्या सोयीचा ती पोरं पुरेपूर लाभ घ्यायची, बरेचदा मैदानावर जाऊनच.

मी सातवीपर्यंत ब तुकडीत होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं, पण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार वाटायचं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं पेंडीचं दुकान. सरकी पेंड, कोंडा, भुसा, म्हशीला जे जे गोड लागतं ते सगळं. आप्पा स्वतः सातवी पास, पण पेंड चिमटीत चुरून माल किती जुना ते सांगायचे. त्यांच्या जगात प्रत्येक पोतं एक नंबर असायचं नाही तर दोन नंबर, आणि ब म्हणजे दोन नंबर हे सांगायला त्यांना कुणा मास्तरची गरज नव्हती. गिऱ्हाइकानं "पोरगी कितवीला?" असं विचारलं की ते "सातवीला" म्हणायचे आणि घाईनं पोतं उचलायला वळायचे. पुढचा प्रश्न तुकडीचा येईल ही धास्ती.

आठवीत मी अ तुकडीत गेले. आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. शेजारणीला वाटलं मला भाऊच झाला, ती बिचारी बाळंतिणीला बघायला म्हणून आली आणि आई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली बघून परत गेली.

दहावीपर्यंत मी अ तुकडी सोडली नाही आणि दहावीला मार्क बरे पडले. गणितात तर फारच बरे पडले. आता ज्या मुलीला मार्क पडतात तिचं काय करायचं, हे आमच्याकडं आधीच ठरलेलं असतं. मुलगा असेल तर इंजिनिअर, मुलगी असेल तर डॉक्टर. मला रक्त बघून घेरी येते, बेडकाचं चित्र काढलं तर तो बटाटा वाटतो, या किरकोळ गोष्टी होत्या. आप्पांची थोरली बहीण, आमची आत्ती, गारगोटीला दिलेली. तिनं तर आपल्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीतून भाताची पोती हलवायला सुरुवात केली. तिथं माझा दवाखाना होणार होता.

मला गणित हवं होतं. हे मी एकदाच बोलून बघितलं, जेवताना, सगळ्यांसमोर. आत्ती त्या दिवशी आलेली होती. तिनं घास खाली ठेवला आणि विचारलं, "गणित घेऊन काय करणार गं? पेंड मोजणार?"

सगळे हसले. आप्पा म्हणाले, "डॉक्टर व्हायचं. ठरलंय ते." विषय संपला आणि भात वाढला गेला.

गणित का हवं होतं, हे कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं असतं असं नाही. पण कारण होतं. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला आत्तीचं मत लागायचं. पडद्याचा रंग, आईच्या माहेरी जायचा दिवस, माझ्या वेणीची लांबी, सगळं गारगोटीहून मंजूर होऊन यायचं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज मात्र आत्तीला विचारून ठरत नव्हती. नववीत एकदा मी भूमितीचं एक प्रमेय कुणाचीही मदत न घेता सिद्ध केलं होतं. शेवटची ओळ लिहून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी वही मिटली, परत उघडली आणि ते पुन्हा वाचलं. जगात कुणीही उठून "असं नसतंय" म्हणू शकत नव्हतं. हेडमास्तर नाही, आप्पा नाही, आत्ती तर नाहीच नाही. असली गोष्ट मला दुसरी मिळाली नव्हती.

पण भात वाढला गेला होता. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची, आणि तेव्हा पोरींनी एकदा बोलून बघायचं असे, दोनदा नाही.

अकरावी सायन्सचा प्रवेश घ्यायला आप्पा दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर आले. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, खिशात माझं मार्कलिस्ट. रांग खिडकीपासून पार फाटकापर्यंत. फॉर्म इंग्रजीत होता, त्यामुळं आप्पांनी तो उलटसुलट बघून भक्तिभावानं माझ्याकडं दिला. फॉर्मच्या मध्यावर ग्रुपचे तीन चौकोन होते. ए म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित. बी म्हणजे गणिताच्या जागी बायॉलॉजी. ए वाला इंजिनिअर होतो, बी वाला डॉक्टर. आणि दोन्ही घेतले तर एबी, म्हणजे पोराचं काय करायचं हे घरात अजून ठरलेलं नाही. हे मला शाळेतल्या सरांनी सांगितलेलं होतं. आप्पांना कुणीच सांगितलेलं नव्हतं, कारण सायन्स म्हणजे डॉक्टर इतकं त्यांना पुरेसं होतं.

मी शहाण्या मुलीसारखी बी भरायला आले होते. हे आधी सांगते, कारण पुढं काय झालं ते ऐकून मी फार धाडसी होते असा गैरसमज व्हायचा.

खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "ग्रुप? ए का बी?"

मी बी म्हणायला तोंड उघडलं आणि आप्पांनी खिडकीचे गज धरले.

"बी? बी कुणाला म्हंतायसा? माझी पोरगी तीन वर्सं झाली 'अ'त हाय! आधी मार्क बघा की, मग बोला!"

क्लार्कनं पहिल्यांदा मान वर केली. "पावणं, मी कुठं काय म्हंतोय? मार्क हाईत. ए पायजे तर ए घ्या."

"ए म्हंजे अ च न्हवं?"

"ए म्हंजे ए."

"मग तेच लिवा. ब-बिब आमच्यात चालत न्हाय."

"एबी पण असतोय," क्लार्क म्हणाला. माणूस तसा भला होता.

"अ पण आन् ब पण? म्हंजे पास का नापास? असलं अर्धंमुर्धं नको आमाला!"

मागची रांग हसली. मागं उभ्या एका माणसानं "बरोबर हाय काकांचं" असा पाठिंबाही दिला. त्याचा पोरगा बहुधा ब तुकडीतला असावा.

पेन माझ्या हातात होतं. "आप्पा, डॉक्टर व्हायचं तर बी लागतं." सहा शब्द. गणितात एवढे मार्क मिळवणाऱ्या मुलीला सहापर्यंत मोजता येत नव्हतं असं नाही. मी तोंडातून ब्र काढला नाही. ए च्या चौकोनात खूण केली, खाली आप्पांची सही घेतली आणि फॉर्म आत सरकवला. बाहेर आल्यावर आप्पांनी मला उसाचा रस पाजला. वरून आणखी अर्धा ग्लास मागून घेतला. तो घशाखाली उतरवताना मला जरा त्रास झाला, पण फार नाही.

नंतरचे चार-पाच महिने मी शहरातली सगळ्यात सुखी आणि सगळ्यात लबाड विद्यार्थिनी होते.

वर्गात ऐंशी मुलगे आणि नऊ मुली. गणिताचे प्रोफेसर पुण्याकडचे, भाषा एकदम शुद्ध. एखादा मुद्दा संपला की ते मुलग्यांना विचारायचे, "समजलं का?" आणि आमच्या बाकांकडं वळून म्हणायचे, "मुलींनो, लिहून घेतलंत का?" आम्हाला समजण्याची सक्ती नव्हती, ही सरांची कृपा. एकदा फळ्यावरचं उदाहरण कुणालाच पुढं सरकवता येईना. मी उठून म्हटलं, "सर, मी सांगतो." आम्ही कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतो, मी जातो, मी करतो, मी बघतो. सर म्हणाले, "आधी सांगते म्हणायला शिका." मी म्हटलं, "सांगते," आणि उदाहरण सोडवलं. सरांनी उत्तर तपासलं, ते बरोबर निघालं, आणि त्याबद्दल त्यांनी मला मोठ्या मनानं माफ केलं. पुढं ते मलाही "समजलं का?" असं विचारायला लागले.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पांढरा कोट सक्तीचा होता. तो शिवून घरी आला त्या दिवशी आमच्या डॉक्टरकीवर शिक्कामोर्तब झालं. आप्पांनी मला कोट घालून स्टुडिओत नेलं आणि फोटो काढला. फोटोग्राफरनं हौसेनं गळ्यात घालायला स्टेथोस्कोप दिला. त्याच्याकडं तो असायचाच, शिवाय वकिलाचा डगला आणि फौजदाराची टोपीही असायची. फोटोची मोठी प्रत फ्रेम करून गारगोटीला गेली आणि आत्तीच्या रस्त्याकडच्या खोलीत, पोती हलवून झालेल्या भिंतीवर लागली.

दुकानातही माझी प्रॅक्टिस सुरू झाली. मी डबा घेऊन गेले की आप्पा हाक मारायचे, "या, डॉक्टरीणबाई!" मग गिऱ्हाइकं आपली दुखणी सांगायची, स्वतःची संपली की म्हशीची. शाहूवाडीकडच्या एका म्हाताऱ्यानं मला सविस्तर सांगितलं की त्याची म्हैस सकाळी पान्हा सोडते आणि संध्याकाळी चोरते. मी गंभीरपणानं विचारलं, "खाती का नीट?" तो म्हणाला, "व्हय की." मी म्हटलं, "मग पेंड बदलून बघा." आप्पांनी लगेच दुसऱ्या पोत्याकडं हात केला. म्हातारा खूश, आप्पा त्याहून खूश.

आईला संशय आला होता. माझ्या पुस्तकांत बेडकाचं एकही चित्र नाही, नुसते आकडे आणि वाकड्या रेषा, हे तिनं बघितलं होतं. ती एकदाच म्हणाली, "किती दिवस चालायचं गं हे?" मी म्हटलं, "कसलं?" ती भाजी निवडत राहिली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, ते संपलं. आमच्या दुकानात एक जनावरांचे डॉक्टर यायचे. गारगोटीकडची सगळी गावं त्यांच्याकडं होती, स्वभाव मोकळा, आवाज त्याहून मोकळा. मी डबा घेऊन पोचले होते.

"काय डॉक्टरीणबाई, बेडूक फाडला का न्हाय अजून?"

"न्हाय," मी म्हटलं.

"झुरळ?"

"न्हाय."

"मग बायॉलॉजीला करता तरी काय?"

आप्पा काट्यावरून न वळता म्हणाले, "असली घाणीची कामं त्या बी वाल्यांना, डॉक्टर. आमची ए ग्रुपात हाय."

डॉक्टर आधी माझ्याकडं बघत राहिले. मग असे हसले की पेंडीच्या पोत्यावर बसावं लागलं. "अवो शेट, ए ग्रुपात डॉक्टर हुत न्हाईत! तिला गणित हाय, गणित! डॉक्टर व्हायला बी लागतोय! कुणी केलं हे?"

दुकान भरलेलं होतं. "म्हंजे पोरगी आता म्हशीचं गणित सोडवणार म्हणा की," एक जण म्हणाला. दुसऱ्यानं त्यात भर घातली. आप्पाही हसले. हसत हसत त्यांनी एका गिऱ्हाइकाला कोंड्याच्या जागी भुसा बांधून दिला, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "अजून यळ गेलेली न्हाय," जाताना डॉक्टर म्हणाले, "प्राचार्यांना भेटा, बदलून देतील." मला आयुष्यात इतका राग दुसऱ्या कुणाच्या मदतीचा आला नाही.

घरी आल्यावर आप्पांनी टोपी खुंटीला लावली आणि विचारलं, "तुला ठाऊक हुतं?"

माझ्यापुढं दोन रस्ते होते. नाही म्हटलं तर मी निर्दोष, पण मग निर्दोष मुलीला दुसऱ्या दिवशी बी ग्रुपात नेऊन बसवलं असतं. हो म्हटलं तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. मी भ्याले होते, हे सरळच सांगते.

"व्हय," मी म्हटलं.

"खिडकीत उभं हुतो तवा पण?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोललो असतो तर दिलं असतं तुमी गणित?"

आप्पांनी खरंच विचार केला. आई दारात उभी होती. "न्हाय," ते म्हणाले. "दिलं नसतं."

एवढं बोलून ते जेवायला बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. सोमवारी ते माझ्याशी बोलले नाहीत, मंगळवारीही नाहीत. दोन्ही दिवस दुपारी मी डबा नेला तेव्हा ते गल्ल्यावर होते, संध्याकाळी तिथूनच घरी आले. कॉलेजचं नाव काढलं नाही. कधी नेऊन बसवणार, सकाळी की दुपारी, एवढंच मी मोजत होते. वहीत गणितं सोडवत होते, ती मात्र सगळी बरोबर येत होती, आणि त्यामुळं जास्तच रडू येत होतं.

बुधवारी आत्ती आली. बातमी जनावरांच्या डॉक्टरबरोबर रविवारीच गारगोटीला पोचली होती, आत्तीला एस.टी. मिळायला तेवढा उशीर. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "कुणाचा हा परताप? हिचाच असणार! गणित, गणित करत हुती न्हवं? फसवलं का नाय आपल्या बापाला?"

मी आईच्या मागं सरकले. आत्तीनं एकदा ठरवलं की मुलगी लबाड आहे, तर ते पाहुण्यारावळ्यांत ठरलं. त्यात कॉलेज तर बंद होणारच, पण पुढं कुठलंही स्थळ त्या वाटेनं आलं नसतं. आई हे माझ्यापेक्षा चांगलं ओळखून होती. तिनं माझं मनगट धरलं होतं.

"तिला काय म्हाईत?" आप्पा म्हणाले. "मी केलं. मला वाटलं ए म्हंजे अ तुकडी. ती बी म्हणत हुती, मीच गप बसवली."

आत्तीनं त्यांच्याकडं बघितलं. "अ तुकडी?"

"व्हय की. कॉलेजात तुकड्या नसत्यात हे मला काय ठाऊक?"

"मग जा आन् बदलून घे!"

"मुदत संपली, आक्का. सोमवारी क्लार्कला भेटून आलो. आता काय हुत न्हाय म्हणाला."

सोमवारी दुपारी मी स्वतः त्यांच्या हातात डबा दिला होता, दिवसभर ते कॉलेजकडं फिरकलेच नव्हते. आईनं माझं मनगट सोडलं आणि चहा टाकायला गेली. आत्तीनं पिशवी खाली टाकली आणि ती हसायला लागली. "अरे खुळ्या! अरे येडपटा! अ तुकडी!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिचा राग हसण्यात निघून गेला आणि मला गणित राहिलं. इतकं सोपं होतं ते. एका माणसानं येडपट व्हायचं फक्त.

आता ही गोष्ट आमच्या पाहुण्यांत सगळ्यांना पाठ आहे. आप्पा कुठल्याही कार्यात शिरले की कुणीतरी म्हणणारच, "आली बघा अ तुकडी!" आप्पा हात जोडून हसतात. बारावी झाली, बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, दोन हजार सालानंतर मी एका कॉलेजात गणित शिकवायला लागले, आणि दर टप्प्याला ही गोष्ट नव्यानं सांगितली गेली, कारण बघा, येडपट बापाच्या चुकीनं पोरीचं कसं भलं झालं! मीही सांगितली. स्टाफरूममध्ये सांगितली, सासरी सांगितली. आप्पांचा आवाज काढून, गज धरल्याची नक्कल करून. फार चांगली जमते मला ती नक्कल. उसाचा रस सांगते, फोटो सांगते, म्हैस सांगते. "तुला ठाऊक हुतं?" तेवढं गाळते.

काही वर्षांपूर्वी आत्तीच्या नातवाच्या लग्नात गारगोटीला जेवणाच्या पंगतीत आत्तीनं पुन्हा तीच गोष्ट काढली. समोर नव्या सूनबाईच्या माहेरची माणसं. आप्पा आता थकलेत, ऐकूही कमी येतं, पण आपल्यावर हसताहेत हे कळतं. ते नेहमीसारखे हसले आणि त्यांच्या हातातला घास सांडला. नव्या सुनेचा दहा वर्षांचा भाऊ मोठ्यांदा म्हणाला, "आजोबा ढ हुते व्हय?" आणि पंगत पुन्हा हसली.

मला ते सहन झालं नाही. मी पानावरून अर्धी उठले. "आत्ती, खरं सांगू का, त्या वेळी मला—"

आप्पांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. "गप बस की," ते कानाशी म्हणाले. "माझं काय जातंय? म्हाताऱ्या माणसाला ढ म्हणून चालतंय. बापाला फसवलीस म्हणून तुला बोललेलं मला चालणार न्हाय." आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्या पानात आमटी घालायला लावली.

मी खाली मान घालून जेवले. पंगत उठली, आम्ही शेवटच्या एस.टी.नं कोल्हापूरला आलो, आणि तो विषय त्यांनी परत काढला नाही.

पण मी आता पन्नाशीकडं झुकले, आणि मला चालत नाही. म्हणून हे लिहिलंय, आणि पहिली प्रत गारगोटीला पाठवणार आहे. आत्ती, चष्मा लाव आणि नीट वाच. तुझा भाऊ ढ नव्हता. त्याला कॉलेजातलं कळत नव्हतं, पण माझ्यासाठी काय करायचं ते बरोबर कळलं. खिडकीत मी गप्प बसले, मला सगळं ठाऊक होतं, आणि तू गेली तीस वर्षं हसतेस ते चुकीच्या माणसाला.